वापरात नसलेला भाग

सेक्टर ४, शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
४ जून २००७

ती. स्व. मामांस,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामीला कॉम्प्युटरमधलं सांगितलं की ती तुमच्यापर्यंत भलतंच पोचवते. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुम्ही १९९३ साली काशीमीऱ्याच्या ट्रस्टच्या रक्तपेढीसाठी फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्राम परवापासून बंद झाला. रागावू नका! चौदा वर्षं चालला, म्हणजे सेंच्युरीच की. आता तोच प्रोग्राम जावामध्ये चालतोय. आणि तो बदलला आमच्या 'पलट'नं. जुन्या भाषेतला प्रोग्राम आत घातला की नव्या भाषेतला बाहेर येतो, ते आमचं टूल. हाटकेशच्या गाळ्यात आम्ही सात जण दीड वर्षं त्यावर बसलो होतो. आता पलटची चौथी आवृत्ती आली आणि तिचं पहिलंच मोठं काम तुमचा प्रोग्राम. योगायोग बघा.

नवीन काय काय आहे सांगते. पूर्वी पलट अक्षरशः भाषांतर करायचं, ओळीला ओळ. आता ते अर्थ लावतं. तुम्ही व्हेरिएबलला नुसतं 'एक्स२' म्हटलं असेल तर त्याचं काम बघून त्याला नीट नाव देतं. दुसरं म्हणजे बदललेला प्रोग्राम मध्येच बंद पडत नाही. एखादी गोष्ट सापडली नाही तर गपचूप बाजूला सारून पुढे जातो. रक्तपेढीतल्या लोकांना हे फार आवडलं, कारण तुमचा प्रोग्राम दिवसातून दोनदा तरी अडून बसायचा म्हणे! आणि तिसरी सोय माझी आहे, मामा. पूर्ण माझी. 'वापरात नसलेला भाग काढून टाका.' प्रोग्रामच्या ज्या तुकड्याला, ज्या प्रोसीजरला, कोडात कुठूनच बोलावलेलं नाही, ती पलट आपोआप वगळतं. तुमचा प्रोग्राम निम्मा झाला आणि तिप्पट वेगानं चालतो.

कुलदीपसरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. कंपनी त्यांची, गाळाही त्यांचा. रामनाथशेठ, म्हणजे त्यांचे वडील, जिथे भात लावायचे तिथेच तो उभा आहे. ते म्हणाले, "नीलम नसती तर व्हर्जन फोर नसतं."

तुम्ही मला शाळेत असताना फॉक्सप्रो शिकवलंत, म्हणून हे पत्र आधी तुम्हाला. मामीला नमस्कार.

तुमची,
नीलम


देवरूख
१३ जून २००७

चि. नीलम हीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तुझ्यासाठी कोकमाचं आगळ भरून ठेवलंय, कोणी येणारं असेल तर पाठवते.

रागावलो नाही. प्रोग्राम म्हातारा झाला होता, माझ्यासारखाच. तुझं कौतुक वाटलं हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मामाला कौतुक करता येत नाही.

दोन गोष्टी मनात घोळतायत. तुझं टूल कोडात बघून ठरवतं की अमुक प्रोसीजर कोणी बोलावत नाही. पण बोलावणं कोडाच्या बाहेरून आलं तर? आणि तो दिवसातून दोनदा अडायचा म्हणतेस, तर कशासाठी अडायचा, हे कोणी विचारलं का? काही अडथळे मी मुद्दाम घातले होते.

काढून टाकलेल्या प्रोसीजरची यादी टूल देत असेलच. ती मला पाठव. सगळी पाठव. माझं अक्षर ओळखशील तशी मी माझी नावं ओळखीन.

आणि ती यादी कोणी तपासली, तेही लिही.

तुझा,
हरिश्चंद्रमामा


शांती नगर, मीरा रोड
२५ जून २००७

ती. स्व. मामांस,
सा. नमस्कार.

मामा, किती काळजी करता! यादी मीच तपासली. दोनशे बारा प्रोसीजर होत्या, सगळ्या बघितल्या, सगळं ठीक आहे. टेस्ट रिपोर्टवर माझीच सही आहे. शंभर टक्के रूपांतर, शून्य चुका. ट्रस्टनंही सही केली. यादी फार लांब आहे, पोस्टानं कुठे पाठवू?

इथे नुसती धावपळ चाललीय. पलट ४ अकरा ठिकाणी बसलंय. कुलदीपसर रोज नव्या गिऱ्हाइकाला घेऊन येतात, मी डेमो देते. माझ्या त्या सफाईच्या सोयीची खूण टूलमध्ये आता आधीपासूनच पडलेली असते, नको असेल त्यानं काढायची. कोणी काढत नाही.

पण एक मात्र तुम्हाला विचारायचंय, आणि मामी जवळ असेल तर हे मनातच वाचा. यादीच्या पहिल्याच पानावर एका प्रोसीजरचं नाव होतं 'चांदणी'! बाकी सगळी नावं कशी रुक्ष, आणि मध्येच ही चांदणी. आम्ही ऑफिसात खूप हसलो. मामा, कोण ही चांदणी? रक्तपेढीतली नर्स होती का?

तुमची,
नीलम


देवरूख
२ जुलै २००७

चि. नीलम,

मामी जवळच होती. तिला चांदणी माहीत आहे. पत्र तिच्या हातात दिलं आणि ती उठून मागच्या पडवीत गेली.

चांदणी सात वर्षांची होती. राई गावातली. बाप मिठागरावर कामाला, आई मंजुळा. मुलीला थॅलेसेमिया. दर वीस दिवसांनी रक्त चढवायला लागायचं. मंजुळा तिला घेऊन काशीमीऱ्याला यायची, आणि बाटलीची तयारी होईतो पोर माझ्या टेबलाशी उभी राहायची. कीबोर्डवर बोट ठेवून विचारायची, "यात माजा च कंचा हाय?" मी सांगायचो, इंग्रजीत सी आणि एच मिळून तुझा च. "दोन बटनं लागतात? मंग मी मोठी हाय."

१९९५ साली एका रक्तदात्याला कावीळ निघाली. आतली, रक्तातून पसरणारी. त्याचं नाव कायमच्या बाद यादीत घातलं. चार महिन्यांनी तो एका शिबिरात पुन्हा रक्त देऊन गेला. लिहिणाऱ्यानं आडनावात एक एच कमी टाकला. माझ्या प्रोग्रामनं नाव यादीत शोधलं, अक्षरं जुळली नाहीत, म्हणून बाटली पास केली. रक्ताची चाचणी तेव्हाही होत होती, पण चाचणीचे किट कधीकधी चुकतात. म्हणून तर यादी ठेवायची. ती बाटली चांदणीला गेली. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ती गेली.

मग मी ती प्रोसीजर लिहिली. नाव कसं लिहिलंय ते बघायचं नाही, कसं ऐकू येतं ते बघायचं. जोडीला जन्मसाल आणि गाव. जुळलं तर पडदा लाल करायचा आणि तंत्रज्ञ दत्ताराम स्वतः येऊन बघेपर्यंत पुढे सरकायचं नाही. दिवसातून दोनदा अडायचा, तो यासाठी.

ही प्रोसीजर कोडातून बोलावलेली नाही. पेढीचे नियम सारखे बदलायचे, म्हणून कुठल्या तपासण्या करायच्या त्यांची नावं मी एका वेगळ्या फाइलीत ठेवली होती. प्रोग्राम चालताना ती फाइल उघडतो, नाव वाचतो आणि त्या नावाला हाक मारतो. तुझ्या टूलला ती हाक दिसणारच नाही. आणि आता हाकेला ओ देणारं कोणी नाही, तर तुझा नवा प्रोग्राम गपचूप पुढे जातो. तुझ्या दोन्ही सोयी मिळून हे होतंय, बघ.

पत्र मिळाल्याबरोबर पेढीत जा.

मामा


शांती नगर, मीरा रोड
३० जुलै २००७

ती. स्व. मामांस,

उशीर झाला. तुम्हाला वाटलं असेल, थट्टेवर तुम्ही असं लिहिलंत म्हणून मी रुसले. तसं नाही.

आधी खरं सांगते. यादी मी तपासली नव्हती. पहिलं पान बघितलं, चांदणीवर हसलो आणि शेवटच्या पानावर मी सही केली. मधली पानं उलटलीसुद्धा नाहीत. टूल माझं, सोय माझी, मग माझीच चूक माझ्याच सोयीत मी कशाला शोधू, असं काहीतरी झालं असावं.

पत्र वाचल्यावर ऑफिसातल्या कॉपीवर करून बघितलं. बाद यादीत एक खोटं नाव घातलं. मग तेच नाव एक अक्षर बदलून रक्तदाता म्हणून भरलं. जन्मसाल तेच, गाव तेच. पडदा हिरवा. तीनदा केलं. तिन्ही वेळा हिरवा, आणि चुकांच्या नोंदीत शून्य.

कुलदीपसरांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

"कोणाला बोललीस का?"

"नाही सर."

"मग बोलू नकोस. ऑक्टोबरमध्ये फोर पॉइंट वन येतंय ना, त्यात फिक्स टाकू. आत्ता एका ठिकाणी सांगितलं तर बाकीचे दहा फोन करतील. हे सात जण कुठे जाणार? आणि रिपोर्टवर सही कोणाची आहे, नीलम?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चहा मागवला. मी तो प्यायलेही. दुसऱ्या दिवसापासून जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरला माझा पासवर्ड चालत नाही. सरांशी आणखी दोनदा बोलले. "बघतोय मी," म्हणाले.

मामा, किट आता खूप चांगले आले आहेत ना? एवढ्यात काही होणार नाही ना? ऑक्टोबर फार लांब नाही.

नीलम


देवरूख
६ ऑगस्ट २००७

नीलम,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. कोणालाच सांगितलेली नाही, मामी सोडून.

अक्षर चुकलं तर माझा प्रोग्राम फसतो, हे चांदणीच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. दोन महिने आधी. दत्तारामनंच दाखवलं होतं. मी ट्रस्टला चिठ्ठी लिहिली की बदल करायला चार दिवस प्रोग्राम बंद ठेवावा लागेल. ते म्हणाले, शिबिरांचा हंगाम जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू. मीही म्हटलं, बघू. त्या दोन महिन्यांत मी रोज त्या खुर्चीवर बसत होतो. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. दत्तारामला नुसतं म्हणालो असतो की सगळी नावं हातानं बघ, तर त्यानं बघितली असती.

तू मला विचारतेस, एवढ्यात काही होणार नाही ना. मी हेच विचारलं होतं, स्वतःला.

दत्ताराम अजून तिथेच आहे. कुलदीपला विचारू नकोस, ट्रस्टला अर्ज करू नकोस, पत्राची वाट बघू नकोस. दत्तारामकडे जा आणि माझं नाव सांग.

मामा


शांती नगर, मीरा रोड
२३ ऑगस्ट २००७

ती. स्व. मामांस,

गेले. रविवारी दुपारी. हायवेवर दोन ट्रक एकमेकांना भिडून आडवे झाले होते, म्हणून नाक्यापासून चालतच गेले. दत्तारामकाका आत बाटल्या लावत होते. तुमचं नाव सांगितलं तर हातातली बाटली त्यांनी आधी नीट ठेवली, मग माझ्याकडे बघितलं.

"नवा प्रोग्राम आल्यापासून तो एकदाही अडला नाही," ते म्हणाले. "मी पेढीच्या साहेबांना दोनदा बोललो. ते म्हणाले, चांगलंच आहे की."

त्यांच्याकडे बाद नावांची स्वतःची वही आहे. हातानं लिहिलेली, देवनागरीत. आम्ही दोघं बसलो. दोन जूनपासूनचे सगळे रक्तदाते मी वाचत गेले, ते वहीत बघत गेले. संध्याकाळपर्यंत तीन जुळले. दोन बाटल्यांची मुदत संपून त्या आधीच नष्ट केलेल्या होत्या.

तिसरा गुणवंत नावाचा माणूस. १९९९ पासून बाद. १७ जूनच्या शिबिरात लिहिणाऱ्यानं व्हीऐवजी डब्ल्यू टाकला. त्या माणसालाही बिचाऱ्याला वाटलं, आठ वर्षं झाली, आता आपण बरे आहोत. किटनं काही दाखवलं नाही. बाटली शेवंती नावाच्या बाईला गेली. भाजी विकते, रिक्षा उलटून मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं.

बाटली दिली ती तारीख बारा जुलै.

मामा, तुमचं पत्र मला नऊ तारखेला मिळालं होतं.

काका म्हणाले, बाई सध्या बरी आहे, घरी गेली, लागण झालीच असेल असं नाही. दोन-तीन महिन्यांनी कळतं. त्यांनी सोमवारपासून प्रोग्राम बंद करून हातानं लिहायला घेतलंय. साहेब ओरडले, पण काकांनी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली, मग ते बसले.

माझ्याकडे शेवंतीचा पत्ता आहे. राई गावातला. चार दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरतेय.

नीलम


देवरूख
३० ऑगस्ट २००७

नीलम,

पत्ता घेऊन फिरू नकोस. आज जा.

मी मंजुळेच्या घरी गेलो नाही. तिला वाटतं मुलगी तिच्या आजारानं गेली. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला ती मिठाची पुरचुंडी पाठवायची, मी ती घ्यायचो. इकडे राहायला आलो ते हवेसाठी नव्हे.

मी सात तारखेला निघतोय. बॅटरी घालून कानाला यंत्र लावतो, थोडं ऐकू येतं. जुना कोड माझ्याकडे फ्लॉपीवर आहे.

मामा


शांती नगर, मीरा रोड
१२ फेब्रुवारी २००८

ती. स्व. मामांस,
सा. नमस्कार.

तुम्ही देवरूखला परत गेल्यापासूनचं सगळं एकदम लिहितेय. तुम्ही दत्तारामकाकांच्या शेजारी आठ दिवस बसून ती प्रोसीजर पुन्हा लिहून दिलीत, ती नीट चालते. काका म्हणतात, रोज एकदा तरी पडदा लाल होतो आणि त्यांना बरं वाटतं.

एकटीनं जायचा धीर मला झाला नाही, तुम्ही आल्यावरच शेवंतीकडे आपण दोघं गेलो. तेव्हा तुम्हाला तिचं निम्मं बोलणं कळलं नव्हतं, म्हणून लिहिते. मी सगळं सांगितल्यावर तिनं एकच विचारलं होतं, "म्हंजे माज्या पोरांना पन व्हईल?" लस टोचली तर होणार नाही, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मंग बसलीस काय? चल, उठ." वॉकर घेऊन तीच आधी दाराशी गेली होती. नवऱ्याला आणि दोन्ही पोरांना त्याच आठवड्यात पहिली लस मिळाली.

ऑक्टोबरमध्ये तिला कावीळ झाली. तीच. वीस दिवस भाईंदरच्या दवाखान्यात होती, त्यातले पाच दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती. मी रोज जात होते. तिचा नवरा माझ्याशी बोलत नव्हता, पण मी बसले की उठवत नव्हता. ती वाचली. जानेवारीतल्या तपासणीत रक्त स्वच्छ आलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसांत बहुतेकांचं शरीर त्यातून निभावतं. पोरांना काही नाही. पायानं मात्र ती अजून लंगडते आणि टोपली उचलवत नाही. परवा मला म्हणाली, "तू न्हाय आलीस तर मना कलला पन नसता. आलीस ता बरा केलास. पन मी तुला चांगली म्हननार न्हाय." मी म्हटलं, नका म्हणू.

नोकरी गेली, ते तुम्हाला माहीत आहे. कुलदीपसरांनी पत्रात लिहिलं, 'विश्वासभंग'. पलटची ४.१ आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. माझ्या जागी आलेल्या मुलीनं मला गुपचूप दाखवली. सफाईची खूण अजून आधीपासूनच पडलेली असते. खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवलीय, 'यादी तपासण्याची जबाबदारी ग्राहकाची.' फिक्स म्हणजे ही ओळ.

बाकीच्या दहा ठिकाणांचे पत्ते मला पाठ होते, मीच डेमो दिलेले. दहाही जणांना रजिस्टर पत्रं पाठवली. दोन परत आली. आठांच्या पोचपावत्या आल्या. उत्तर एकाचंच, ते काल मिळालं.

नाशिकजवळचा गॅस सिलिंडर भरायचा कारखाना आहे. कुठला सिलिंडर तपासणीला काढायचा आणि कुठला कायमचा बाद करायचा, हे तिथे प्रोग्राम ठरवतो. मेंटेनन्सच्या शिवा दळवींनी लिहिलंय की पत्र वाचून त्यांनी काढून टाकलेल्या प्रोसीजरची यादी शोधली. एकशे चाळीस नावं आहेत. ज्यांनी प्रोग्राम लिहिला ते तीन वर्षांपूर्वी वारले. कुठली प्रोसीजर काय करायची, हे कारखान्यात कोणालाच माहीत नाही. जूनपासून एकही सिलिंडर बाद झालेला नाही. त्याआधी महिन्याला तीसेक व्हायचे.

मी लगेच फोन केला. म्हटलं, भरणं थांबवा, आत्ताच्या आत्ता.

"थांबवायला हरकत नाही, मॅडम," ते म्हणाले. मागे सिलिंडर आदळल्याचे आवाज येत होते. "पण रजिस्टरमध्ये कारण काय लिहू? स्क्रीनवर तर सगळं हिरवं आहे."

मी उद्या सकाळच्या एस्टीनं निघतेय. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा मी तिथेच असेन. तिथला जुना कोड फ्लॉप्यांवर आहे. त्या वाचणारं मशीन घेऊन तुम्हीही निघा.

तुमची,
नीलम